उणे सातला तीनने भागलं तर बाकी किती? भाषेला विचारून सांगतो

मला एक खोड आहे. नवीन प्रोग्रॅमिंग भाषा समोर आली की लोक तिच्यात एखादं छोटं ॲप बनवून बघतात, मी तिला फालतू प्रश्न विचारत बसतो. एका ओळीचे, शाळेतल्या पोराला येतील असे. आणि मग तेच प्रश्न आधीच्या चार भाषांनाही परत विचारायचे, उत्तरं शेजारी शेजारी लिहायची. हातात काही पडत नाही असं वाटतं, पण खरं सांगू का, भाषांबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं निम्मं असल्याच उद्योगातून कळलंय.

पहिला प्रश्न ठरलेला. उणे ७ ला ३ ने भागलं तर बाकी किती? म्हणजे -७ % ३. करून बघायला काही इन्स्टॉल करायची गरज नाही, ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल उघडला की जावास्क्रिप्ट तयारच आहे, बाकीच्यांसाठी ऑनलाइन कंपायलर ढीगभर आहेत. (आकडे मी इथे मराठीत लिहितोय, तुम्ही टाकताना इंग्रजीच टाका. मराठी टाकले तर काय होतं ती वेगळीच गंमत आहे, शेवटाकडे सांगतो.)

पायथन म्हणतं २. जावास्क्रिप्ट म्हणतं उणे १. सी, जावा, गो, रस्ट, सगळे उणे १. रुबी आणि लुआ पायथनच्या बाजूने, २.

आता यात चुकतंय कोण? कोणीच नाही. उणे ७ भागिले ३ म्हणजे उणे २.३३ आणि काहीतरी, त्याचा पूर्णांक करायचाय. शून्याच्या दिशेने सरकलात तर उणे २ मिळतो, त्याला ३ ने गुणलं की उणे ६, म्हणजे उणे ७ ला पोचायला उणे १ कमी पडतो, तीच बाकी. आणि खालच्या दिशेने सरकलात तर उणे ३, गुणून उणे ९, बाकी २. दोन्हीकडे ताळा बरोबर जुळतो, फक्त वळायचं कुठे हे आधी कोणीतरी ठरवायला लागतं. सीच्या जुन्या स्टँडर्डने ते ठरवलंच नव्हतं, कंपायलरवर सोडून दिलं होतं, मग १९९९ च्या स्टँडर्डमध्ये शून्याच्या दिशेने असं पक्कं केलं. पायथनवाल्यांनी खालची दिशा निवडली कारण मग भाजक धन असला की बाकी कधीच ऋण येत नाही. हॅस्केलने तर भांडणच मिटवून टाकलंय, दोन्ही बाक्यांसाठी दोन वेगळी फंक्शन दिली आहेत, घ्या जी हवी ती.

हे पुस्तकी वाटत असेल तर माझा एक बग सांगतो. फोटो गॅलरी होती, पाच फोटो, नंबर ० ते ४. 'पुढे' बटणासाठी एक मिळवून ५ ची बाकी काढायची, म्हणजे शेवटच्या फोटोनंतर आपोआप पहिला. मस्त चाललं. मग 'मागे' बटणाला तेच उलटं केलं, एक वजा करून ५ ची बाकी. आधी पायथनमध्ये करून बघितलं होतं, पहिल्या फोटोवर 'मागे' दाबलं की उणे १ ची बाकी ४, शेवटचा फोटो, झकास. तीच ओळ जावास्क्रिप्टमध्ये उतरवली तर बाकी आली उणे १, आणि उणे एकावा फोटो कुठून आणणार, रिकामी चौकट. उपाय साधा आहे, बाकी काढायच्या आधी ५ मिळवून टाकायचे. पण तो उपाय सापडेपर्यंत मी फोटोंच्या फाइल्स तपासत बसलो होतो. सम-विषम ओळखताना पण हाच खड्डा आहे, '२ ने भागून बाकी १ आली तर विषम' असं लिहिलं की जावामध्ये उणे ३ ही संख्या विषम राहातच नाही, कारण तिची बाकी उणे १.

तर माझं म्हणणं एवढंच की भाषा विचित्र वागली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिथे एक फाटा असतो आणि कोणीतरी कधीतरी त्यातला एक रस्ता पकडलेला असतो. दोन भाषांची उत्तरं शेजारी ठेवली की तो फाटा दिसतो. एकाच भाषेत राहिलात तर तो दिसतच नाही, जगाचा नियमच आहे असं वाटतं.

दुसरा प्रश्न सगळ्यांना माहितीये, ०.१ + ०.२ किती. जावास्क्रिप्ट सांगतं ०.३०००००००००००००००४. यावरचे विनोद भरपूर फिरतात, जावास्क्रिप्टला बेरीज येत नाही वगैरे. पण पायथनला विचारा, तेच उत्तर. जावाला विचारा, तेच. मग सीमध्ये नेहमीच्या पद्धतीने छापून बघा, ०.३००००० येतं, पीएचपीमध्ये एको केलं तर सरळ ०.३. म्हणजे सी आणि पीएचपी हुशार? अजिबात नाही, आतली बेरीज अगदी तीच आहे, ते फक्त छापताना कमी अंक दाखवतात. चूक तेवढीच, बोलून दाखवायचं की गप्प बसायचं एवढाच फरक.

आणि चूक का होते ते तर आपल्याला शाळेपासून माहितीये. एक तृतीयांश दशांशात लिहा बरं. ०.३३३३… संपतच नाही, कारण दहाचे अवयव २ आणि ५, त्यात ३ कुठे बसणार. कॉम्प्युटर दोनाच्या पायात मोजतो, त्याच्याकडे फक्त २ आहे, त्यामुळे अर्धा, पाव, एक अष्टमांश हे त्याला अचूक लिहिता येतात आणि एक दशांश येत नाही, कारण दहातला ५ आडवा येतो. आपल्याला जसा एक तृतीयांश तसा त्याला एक दशांश. जागा मर्यादित, ५३ बिट, मग तो जवळात जवळचा आकडा ठेवून मोकळा होतो. पायथनला ०.१ चे वीस-बावीस अंक दाखव म्हणून सांगा, १ नंतर सोळा शून्यं आणि मग ५५५ अशी शेपटी बाहेर येते. ०.५ + ०.२५ मात्र कुठल्याही भाषेत बरोबर ०.७५, शेपटी नाही काही नाही.

हे सगळं आयईईई ७५४ नावाच्या १९८५ च्या स्टँडर्डप्रमाणे चालतं आणि जवळपास सगळ्या प्रोसेसरमध्ये तेच बसवलेलं असतं, म्हणून भाषा बदलून सुटका नाही. अपवाद मजेशीर आहेत. गोमध्ये ०.१ + ०.२ हे थेट आकडे लिहिले तर उत्तर ०.३ येतं, कारण कोडमध्ये लिहिलेल्या स्थिर आकड्यांचं गणित कंपायलर आधीच अचूक करून टाकतो, आणि तेच दोन आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवून मिळवले की शेपटी परत हजर! एकाच भाषेत, एकाच बेरजेला दोन उत्तरं. आणि राकू म्हणजे पूर्वीची पर्ल ६, ती दशांश आकडे अपूर्णांक म्हणूनच ठेवते, एक छेद दहा, दोन छेद दहा, त्यामुळे तिची बेरीज बरोबर.

यातला माझा आवडता प्रयोग म्हणजे ०.१ + ०.२ + ०.३ करा आणि मग उलट्या क्रमाने ०.३ + ०.२ + ०.१ करा. पहिल्याला शेवटी १ चिकटलेला असतो, दुसरं स्वच्छ ०.६. बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर बदलत नाही असं शिकवणाऱ्या गुरुजींना हे दाखवायला पाहिजे.

हसण्यावारी न्यायचा विषय नाही पण. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये अमेरिकी पॅट्रियट यंत्रणा एक स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही, २८ सैनिक गेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि तो एक दशांश २४ बिटात कापून ठेवलेला होता. चूक इवलीशी, पण यंत्रणा सलग १०० तासांच्या आसपास चालू होती, साचून साचून ती सुमारे ०.३४ सेकंद झाली, आणि स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. म्हणून पैशाचे हिशोब असल्या दशांशात ठेवू नका असं जे सांगतात ते ऐका, पूर्णांकात ठेवा नाहीतर भाषेतला डेसिमल प्रकार वापरा.

राउंडिंगवर फार वेळ घालवत नाही. २.५ राउंड केले तर जावास्क्रिप्ट ३ देतं, पायथनची तिसरी आवृत्ती २ देते. आणि ३.५ ला दोघंही ४. पायथन नेमका अर्धा आला की शेजारच्या सम संख्येकडे जातं, कारण दरवेळी वरच गेलात तर हजारो आकड्यांच्या बेरजेत हिशोब हळूहळू वर सरकतो. आता उणे २.५ टाकून बघा, जावास्क्रिप्ट उणे २ आणि सी उणे ३. मी या एका प्रश्नावर दोन मित्रांना अर्धा तास भांडताना बघितलंय, दोघंही बरोबर होते.

मोठ्या आकड्यांचं पण असंच. २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवा. जावाच्या इंटमध्ये, म्हणजे नेहमीच्या पूर्णांकाच्या प्रकारात, मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा, त्यामुळे तिथे हे केलं की उत्तर थेट उणे २१४७४८३६४८, आवाज नाही, एरर नाही, गाडीचा मीटर फिरून परत शून्यावर यावा तसं, फक्त इथे तो थेट उण्यात जातो. पायथन आकडा हवा तेवढा मोठा करत राहातं. रस्ट डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठी बनवलेला प्रोग्रॅम) ओरडून थांबतं आणि रिलीज बिल्डमध्ये (लोकांना द्यायचा) गुपचूप गोल फिरतं. सी म्हणतं की असं काही होणारच नाही असं मी धरून चालणार, झालं तर तुमचं तुम्ही बघा. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दरवेळी अर्धी करत शोधताना, मधला नंबर काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनने भागतात ना, ती बेरीजच या मर्यादेपुढे जाऊ शकते, आणि जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा बग नऊ वर्षं बसून होता, २००६ मध्ये ते कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनेच त्यावर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी आपापलं कोड उघडून बघितलं.

जावास्क्रिप्टमध्ये १०, ९, १ ची यादी सॉर्ट करा, १, १०, ९ अशी लागते, कारण काही सांगितलं नाही तर ती आकड्यांनाही शब्द समजून लावते. तिथेच ०१७ लिहा, १५ मिळतात, आणि ०१८ लिहा, १८ मिळतात. पुढे शून्य असलं की आकडा आठाच्या पायातला ही सीकडून आलेली सवय, पण ०१८ मध्ये ८ हा अंक आठाच्या पायात बसतच नाही, मग जावास्क्रिप्ट म्हणतं जाऊ दे, तुला अठराच म्हणायचं असेल. हा समजूतदारपणा जास्त त्रास देतो. पायथन ३ अशा आकड्याला सरळ एरर देतं, मला तेच बरं वाटतं.

आता जरा नीट बघण्यासारखी एक गोष्ट, लूपमध्ये फंक्शन बनवण्याची. ०, १, २ असा लूप चालवा, प्रत्येक फेरीत एक छोटं फंक्शन बनवून यादीत टाका, ज्याचं काम फक्त i ची किंमत छापणं. लूप संपल्यावर तिन्ही फंक्शन चालवा. वाटतं ०, १, २ येईल. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल बनवायच्या जुन्या व्हार या शब्दाने लिहिलं असेल तर ३, ३, ३ येतं. पायथनमध्ये २, २, २. कारण फंक्शनने i ची किंमत लिहून घेतलेली नसते, i चा पत्ता लिहून घेतलेला असतो, आणि तिघांकडे एकच पत्ता. लूप संपल्यावर त्या पत्त्यावर जे कोण राहात असेल ते भेटतं. मग एकीकडे ३ आणि दुसरीकडे २ का? जावास्क्रिप्टचा लूप i वाढवत वाढवत ३ करतो, मग अट मोडते, मग थांबतो, म्हणजे ३ तिथेच राहून जातो. पायथन यादीतून एकेक काढतं, शेवटचा २, संपलं. आणि जावा तर हे कंपाइलच करू देत नाही, बदलणारं व्हेरिएबल असं आत नेता येणार नाही म्हणते, विषय संपला.

इथे निर्णय मागे घेतलेलेही दिसतात. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ ला व्हारच्या जोडीला लेट आलं, त्याने दर फेरीला नवा i मिळतो. सी शार्पने २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीत फॉरईच लूप बदलला. गो भाषा जुनं कोड मोडू न देण्याबद्दल किती कडक, पण तिनेही फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ मध्ये लूपचा हा नियम बदलला, इतक्या लोकांचे हात यात भाजले होते. पीएचपीमध्ये पूर्वी 'एबीसी' हा शब्द आणि ० हा आकडा समान निघायचे, २०२० च्या आठव्या आवृत्तीने ते बंद केलं. जावास्क्रिप्टला मात्र बऱ्याचदा मागे फिरता येत नाही. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, त्यात नलचा, म्हणजे 'काहीच नाही' या किमतीचा, प्रकार विचारला की 'ऑब्जेक्ट' असं चुकीचं उत्तर यायचं, ते आजही तसंच येतं. दुरुस्त करायचा प्रस्ताव आला होता, पण जुन्या वेबसाइट मोडतील म्हणून नाकारला.

आणि आता तो मराठी आकड्यांचा विषय.

'मराठी' हा शब्द घ्या आणि भाषेला त्याची लांबी विचारा. तुम्ही आम्ही म्हणू तीन, म, रा, ठी. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट तिघंही ५ म्हणतात, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या स्टँडर्डमध्ये, म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी असे पाच तुकडे आहेत. गो आणि रस्ट १५ म्हणतात, ते बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइटचा. स्विफ्ट ३ म्हणतं, कारण ते डोळ्याला दिसणारं अक्षर मोजतं. तीन, पाच, पंधरा, तिन्ही बरोबर, प्रश्नच अर्धवट होता, 'लांबी' म्हणजे कशाची ते विचारलंच नव्हतं.

आता तोच शब्द उलटा करा. स्विफ्ट 'ठीराम' देतं, कोणाचं तरी नाव वाटावं असं. पायथनमध्ये उलटा केला की आधी एकटी वेलांटी येते, तिला धरायला अक्षर नाही म्हणून बहुतेक फॉन्ट तिच्या बाजूला ठिपक्यांचं गोल वर्तुळ काढून देतात, आणि पुढे 'ठारम', कारण र चा काना आता ठ च्या मागे जाऊन बसलेला असतो. 'मादाम' घेऊन शब्द उलटसुलट सारखा आहे का हे तपासा, तुकड्यातुकड्याने उलटा केलात तर उत्तर हो येतं, अक्षरांनी केलात तर नाही, 'मदामा' होतं. जोडाक्षरांत तर अजून गुंता. 'क्ष' मध्ये तुकडे तीन, क, हलन्त, ष. आणि दिसणारी अक्षरं किती? युनिकोडच्या नियमाने आधी दोन धरायचे, २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून एक. म्हणजे लायब्ररी जुनी की नवी यावर क्ष एक की दोन ते ठरणार.

आणि आकडे. एका ठिकाणी काम करताना आमचा एक फॉर्म होता, त्यात वय टाकायचं. तक्रार आली की वय टाकलं तरी 'योग्य आकडा टाका' असंच येतंय. मी सर्व्हरला थेट तीच माहिती पाठवून बघितली, सर्व्हर पायथनमध्ये, आरामात पास. दोन दिवस आम्ही एकमेकांना 'माझ्याकडे चालतंय' सांगत होतो. मग कोणीतरी स्क्रीनशॉट मागितला, तर त्या माणसाने मराठी कीबोर्डवरून २५ लिहिले होते. पायथनचं इंट फंक्शन '२५' हे पंचवीसच समजतं, त्यातला एक आकडा मराठी आणि एक इंग्रजी असला तरी चालतं त्याला. जावास्क्रिप्ट म्हणतं हा आकडाच नाही, आणि आमच्या फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्ये होत होती. जावा घेतं, गो एरर देतं. रुबी आणि सीची जुनी फंक्शन काही न बोलता ० देतात, हे सगळ्यात वाईट, एरर आली असती तर निदान कळलं असतं. त्यात जावाची अजून एक गंमत, तिथे आकडा वाचणारं फंक्शन मराठी आकडे घेतं पण पॅटर्न शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला आकड्याचा डी काही सांगितलं नाही तर फक्त इंग्रजी आकड्यांनाच ओळखतो, म्हणजे घरातल्या घरातच एकमत नाही.

बरं, पायथन '२५' घेतं म्हणून कोडमध्येच सरळ २५ लिहून बघा. सिंटॅक्स एरर. अवतरणचिन्हात असलेला आकडा चालतो, उघडा चालत नाही. व्हेरिएबलचं नाव मात्र मराठीत बिनधास्त ठेवा, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट तिघांनाही 'दार' किंवा 'वेलांटी' असं नाव चालतं.

गोमध्ये मी हेच करायला गेलो. 'घर' नाव ठेवलं, चाललं. 'मन' चाललं. 'दार' ठेवलं तर कंपायलर कान्यावर अडला. गोच्या नियमात नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, आणि युनिकोडच्या हिशोबात काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं नाहीत, ती चिन्हं आहेत. म्हणजे मराठी लिहा, पण काना-मात्रा न लावता. बरं 'घर' चाललं म्हणून खूश व्हावं तर ते दुसऱ्या पॅकेजमधून वापरता येत नाही, कारण गोमध्ये बाहेर दिसणारं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हायला लागतं, आणि मोठा घ कुठून आणायचा.